मेरूद्वीपचे सभापती

सभापती फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘सदनाचं कामकाज चालू आहे, बोला,’ असं म्हणत. पलीकडे गॅस सिलिंडरवाला असो की त्यांची सासू, सुरुवात हीच. हे सदन म्हणजे डिचोलीजवळच्या मुळगावात, त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत, शिलाई यंत्र हलवून केलेल्या जागेवर ठेवलेला एक संगणक. आणि कामकाज म्हणजे त्या संगणकावर चाललेला एका नसलेल्या देशाचा कारभार. माणूस इतका पोकळ असूनही इतका गंभीर राहू शकतो, हे मी त्यांच्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या देशाचं नाव मेरूद्वीप. गोवा राज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किंचाळत यायचं, आणि पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटवायची सोय नुकतीच झाली होती. त्या नवलाईत काही मराठी माणसांनी एक चर्चामंच उघडून त्यावर देश स्थापन केला. पुण्याच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने समुद्रात बेट काढलं, त्याला दोन नद्या आणि एक राजधानी दिली. तोच पहिला राष्ट्राध्यक्ष. नागरिक व्हायला एक अर्ज पुरे. रत्नागिरीचा औषधविक्रेता, मस्कतमधला एक सुपरवायझर, नाशिकच्या दोन बहिणी, असे करत चाळीसेक जण जमले. मी तेव्हा मांद्र्याला आमच्या गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसायचे. पावसाळ्यात पाहुणे नसत, संगणक मात्र असायचा. बी.ए. होऊन घरी बसलेल्या मुलीला कुठलाही देश चालतो. मीही अर्ज केला.

मेरूद्वीपवर प्रत्येकाला मंत्री व्हायचं होतं. सभापती व्हायचं कोणालाच नव्हतं, कारण ते काम होतं. ते या गृहस्थांनी मागून घेतलं. ते एका खाणीवर टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहिण्यात त्यांची उमर गेली होती. तीच शिस्त त्यांनी आमच्या मानगुटीवर बसवली. कायदा करायचा तर आधी विधेयक पटलावर ठेवायचं, म्हणजे मंचावर नवा धागा उघडायचा. मग तीन दिवस पहिलं वाचन; त्यात फक्त भाषेवर हरकत घ्यायची, आशयावर अवाक्षर काढायचं नाही. मग पाच दिवस दुसरं वाचन, कलमवार; दुरुस्ती सुचवायची तर मूळ ओळ, नवी ओळ आणि कारण असं लिहायचं. या वाचनात निदान एकाने तरी विरोधात बोललंच पाहिजे, नाहीतर ते पुरं झालं असं धरायचं नाही. ‘विरोध नसला तर तो कायदा नव्हे, फतवा,’ हे त्यांचं पालुपद. मग तिसरं वाचन, म्हणजे चार दिवस मतदान: प्रत्येकाने ‘बाजूने’, ‘विरोधात’ किंवा ‘तटस्थ’ एवढाच शब्द लिहायचा. नंतर तो बदलला तर मत बाद. किमान नऊ जण मतदानाला आले नाहीत तर गणपूर्ती नाही, विधेयक पडलं. शेवटी राष्ट्राध्यक्षांची सही. पण ते परीक्षेच्या दिवसांत गायब व्हायचे, म्हणून सात दिवसांत सही न आल्यास ती झाली असं समजायचं, हाही कायदा सभापतींनी करून घेतला होता. एवढा डोलारा उभारून आम्ही काय केलं? राष्ट्रीय पक्षी म्हणून खंड्या ठरवला. अडीच महिने लागले.

माझं पहिलं विधेयक कासवांचं होतं. आमच्या शेजारच्या मोरजीच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जागेला खेटून खुर्च्या मांडल्या जातात, दिवे लागतात, हे मी दर मोसमात बघत होते. तिथे माझं कोण ऐकणार? मेरूद्वीपवर तरी ऐकतील असं वाटलं. सभापतींनी विधेयक तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा, ‘कासव’ या शब्दाची व्याख्या नाही म्हणून. दुसऱ्यांदा, व्याख्येत मी ‘चार पाय’ लिहिलं होतं आणि सागरी कासवाला पाय नसून वल्ही असतात, म्हणून. तिसऱ्यांदा, ‘किनारा’ भरतीचा की ओहोटीचा ते स्पष्ट नाही, म्हणून. मी चिडून फोन लावला.

‘सदनाचं कामकाज चालू आहे, बोला.’

‘अहो, तुम्ही मोरजीला या, मी तुम्हाला कासवच दाखवते. पण विधेयक घ्या.’

‘सन्माननीय सदस्या,’ ते शांतपणे म्हणाले, ‘दाखवलेलं कासव कायद्याला चालत नाही. लिहिलेलं लागतं.’

माझं विधेयक तरलं ते सबनीसबाईंमुळे. सबनीसबाई म्हणजे आमच्या विरोधी पक्षनेत्या. बेळगावच्या निवृत्त शिक्षिका, नवरा नाही, मूल नाही, असं त्यांनी आपल्या परिचयात लिहिलं होतं. सभापतींना सगळे भीत, बाई नाहीत. त्यांनी भर सदनात लिहिलं, ‘भरती आणि ओहोटी यांतला फरक सभापती महोदयांना ठाऊक नसणं स्वाभाविक आहे. त्यांच्याकडे दोन्हींपैकी काहीच येत नाही.’ मी काउंटरवर एकटीच इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग बाईंनीच कासवाची आणि किनाऱ्याची निर्दोष व्याख्या लिहून दिली, आणि विधेयक अकरा विरुद्ध दोन मतांनी मंजूर झालं.

तेव्हापासून आमचा खासगी पत्रव्यवहार सुरू झाला. बाई मला ‘पोरी’ म्हणत. दीड वर्ष आम्ही दोघींनी दुसरं फारसं काही केलं नाही, सभापतींची टिंगल केली. त्यांचे निर्णय, त्यांचे अर्धविराम, त्यांचं ‘सन्माननीय’, काही म्हणून सोडलं नाही. मी त्यांना गंजलेली घंटा म्हटलं, रिकामा गोठा राखणारा गुराखी म्हटलं. बाई दरवेळी माझ्या वरताण काहीतरी लिहून पाठवत.

हे सभापती नावाचे प्राणी प्रत्यक्षात कसे दिसतात ते बघायला मी एका रविवारी मांद्र्याहून म्हापशाला आणि तिथून डिचोलीला बस बदलत मुळगाव गाठलं. रस्त्याकडेच्या केळींची पानंसुद्धा खाणीच्या धुळीने तांबडी झाली होती. दारात त्यांची बायको भेटली. ‘तूं मांद्र्याची न्हय गो? बस. ते आतां संसदेंत आसात,’ ती म्हणाली, आणि ‘संसदेंत’ म्हणताना तिने हातातला झाडू मागच्या खोलीकडे दाखवला. सभापती बाहेर आले. गंजीफ्रॉक, लांब पँट, बारीक शरीर. पडद्यावर सिंहासारखा डरकाळणारा हा माणूस माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या पालीशी बोलावं तसं बोलला. ‘च्या... घे. उंडे आहेत. पोदेर आत्ताच... गरम.’ पाववाला आत्ताच उंडे देऊन गेला, एवढं एक वाक्यही धड पुरं झालं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली. त्या दिवशी ग्रामसभा होती, आणि विषय होता गावातून जाणारे खनिजाचे ट्रक आणि शेतात बसणारी धूळ. शेजारी खिडकीशी येऊन म्हणाला, ‘यो रे. तुका कायदो कळटा. दोन उतरां उलय आमच्या खातीर.’

सभापती म्हणाले, ‘माझें तिसरें वाचन चालू आसा,’ आणि त्यांनी खिडकी ओढून घेतली. शेजाऱ्याच्या तोंडावर.

मी विचारलं, ‘खरंच जाणार नाही?’

‘थंय उलयलों तर सोमारा माका कामार घेवचे नात,’ ते हळूच म्हणाले. हे मला समजलं. खाणीविरुद्ध बोलले तर नोकरी जाणार; पोट सगळ्यांनाच असतं. पण मग त्यांनी गळा साफ केला आणि मेरूद्वीपच्या मराठीत म्हणाले, ‘शिवाय त्या सभेला कार्यपद्धती अशी नाहीच.’ त्या दुसऱ्या वाक्याची मला किळस आली. भित्रा माणूस मी समजू शकते. भीतीला नियमावली नेसवणारा नाही.

घरी येऊन मी बाईंना सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘निव्वळ बुजगावणं आहे हो ते.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘पोरी, बुजगावण्याचा अपमान करू नकोस. त्याला निदान शेतात उभं राहावं लागतं.’

त्या वर्षाच्या शेवटी माझे बाबा गेले. बाराव्यानंतर दादाने एक टंकलेला कागद माझ्यापुढे ठेवला. घरावरचा हक्क सोडल्याचा. आमच्याकडे मुलींनी त्यावर मुकाट सही करायची असते. न करणारीला गावात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. दादा वाईट माणूस नव्हता. ‘चेडवांनी घर मागूं नये गो,’ तो समजावणीच्या सुरात म्हणाला. ‘तुझें लगीन हांव थाटान करून दितलों. बेस्तारा नोटरीकडे वचूंया.’ बेस्तार म्हणजे गुरुवार. मला तीन दिवस होते. आई नारळाच्या करवंट्या रचत बसली होती आणि रचलेल्या पुन्हा पाडून रचत होती.

मी सही करणार होते. खोटं कशाला सांगू? बाबा नसलेल्या घरात भाऊही नसेल, या भीतीने मी हातात पेन घेतलंच होतं. फक्त बाईंना कळवावं म्हणून दोन ओळी लिहिल्या. उत्तर तासाभरात आलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्यात एकही विनोद नव्हता.

‘पोरी, सही करू नकोस. तुमच्याकडे पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा अजून चालतो. घराचा अर्धा भाग तुझ्या आईचा आहेच, तो कोणी तिला देत नाही आहे. उरलेल्या अर्ध्यात तू आणि भाऊ सारखे. कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे वाटणीचा अर्ज, घालावं लागेल. वेळ जाईल, जाऊ दे. भाऊ अबोला धरील, धरू दे. अबोला सुटतो. सही सुटत नाही. एका मुलीला मी सही करताना पाहिलं आहे. ती बोट दाखवलेल्या जागी नाव लिहीत होती आणि कोणीही तिला कागद वाचून दाखवला नाही. जे वाचू शकत होते तेसुद्धा गप्प बसले. गुरुवारी तुझं पोट दुखू दे, ताप येऊ दे, काहीही होऊ दे. पेडण्याला वकील गाठ.’

गुरुवारी मला ताप आला. दादा सव्वा वर्ष माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलू लागला. आज गेस्ट हाऊसच्या आठांपैकी दोन खोल्या माझ्या आहेत आणि हे मी त्यातल्या एकीत बसून लिहिते आहे.

पण सांगायचं ते वेगळंच. पेडण्याच्या वकिलांना मी बाईंचं पत्र छापून नेऊन दाखवलं होतं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. ‘कोण ही बाई?’

‘बेळगावच्या आहेत. शिक्षिका होत्या.’

‘बेळगावच्या माणसाला आमचं इन्व्हेंतार कुठून माहीत? आणि लिहिलंय कसं बघ, आमचे डिचोलीकडचे लोक बोलतात तस्सं. वकील असता तर धड लिहिलं असतं. हे डिचोलीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून आयुष्य काढलेल्या माणसाने लिहिलंय.’

डिचोलीत मी एकाच कायदेवेड्या माणसाला ओळखत होते. बसमध्ये बसेपर्यंत माझी खात्री पटली आणि माझे कान तापले. घरी येऊन मी बाईंना एकच ओळ लिहिली: ‘तुम्ही मुळगावच्या ना?’ चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी मी फोन लावला. या वेळी ते ‘हॅलो’ म्हणाले.

‘बाईंना बोलवा,’ मी म्हटलं.

खुर्ची सरकवून ते बसल्याचा आवाज आला. मग त्यांनी सगळं कबूल केलं. मेरूद्वीपचे पाच नागरिक त्यांनी स्वतः तयार केले होते. सबनीसबाई त्यातल्या पहिल्या. ‘कोणी विरोधातच बोलेना,’ ते म्हणाले. ‘सगळे बाजूने, बाजूने लिहायचे आणि निघून जायचे. मग वाचन पुरं कसं व्हायचं?’

‘आणि मी तुमच्याबद्दल जे लिहीत होते ते?’

‘ते... मुद्देसूद होतं.’

त्या दिवशी मी तो सगळा पत्रव्यवहार पुन्हा वाचून काढला. गंजलेली घंटा, रिकामा गोठा, बुजगावणं. प्रत्येक शिवी मी त्यांच्याच हातात नेऊन दिली होती, आणि त्यांनी ती धार लावून परत केली होती. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. माझ्या आयुष्यात एक वडीलधारी बाई होती, ती या माणसाने काढून घेतली. काही लोक जमीन बायकोच्या नावावर करून ठेवतात. या गृहस्थाने आपलं होतं नव्हतं ते धैर्य बाईच्या नावावर करून ठेवलं होतं.

मी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. ‘एक माणूस, एक नागरिक’ हा मेरूद्वीपचा दुसराच कायदा होता, त्यांनीच लिहिलेला. पण तोवर देश ओस पडत चालला होता. पटावर चौदा नावं उरली होती: ते स्वतः, त्यांचे पाच बनावट नागरिक आणि आम्ही आठ खरे. स्वतःविरुद्धच्या ठरावात सभापतींना मत नाही. गणपूर्तीला नऊ हवेत, आणि आम्ही आठच. त्यांनी थंडपणे मंचावर लिहिलं, ‘गणपूर्तीअभावी ठराव पडतो, हे सदस्यांच्या निदर्शनास आणून देणं आमचं कर्तव्य आहे.’ रत्नागिरीचे औषधविक्रेते उपसभापती म्हणून पीठासीन होते. त्यांना कुठलं कलम कधी लागतं ते कळत नव्हतं, म्हणून ते गुपचूप सभापतींनाच विचारत होते. आणि हा माणूस आपल्याच हकालपट्टीची पुढची पायरी त्यांना बिनचूक सांगत होता! याला प्रामाणिकपणा म्हणावं की मूर्खपणा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

एकच वाट होती. मी दुरुस्ती मांडली: ‘या ठरावापुरती श्रीमती सबनीस यांची नागरिकता ग्राह्य धरावी.’ उपसभापतींनी ती दाखल करून घेतली. जी बाई नाही असं सिद्ध करायला मी निघाले होते, तिला मीच हात धरून सदनात आणत होते. मतदानाचे चार दिवस सुरू झाले. पाच जणांनी ‘बाजूने’ लिहिलं, तिघांनी ‘तटस्थ’. चौथ्या दिवशी दुपारी बाई आल्या. ‘बाजूने,’ त्यांनी लिहिलं. आणि नियम मोडून, मेरूद्वीपच्या इतिहासात पहिल्यांदाच, त्या शब्दाखाली एक वाक्य जोडलं: ‘ज्याला स्वतःच्या नावाने बोलता येत नाही, त्याने दुसऱ्यांना बोलण्याची परवानगी देत बसू नये.’

सभापती गेले. नवा सभापती निवडायची नोटीस सभापतींनीच काढायची असा कायदा होता, तो बदलायला सभापती हवा होता. तीन महिन्यांत देश बुडाला. कोणी रडलं नाही. नाशिकच्या बहिणी कुठल्याशा पाककृतींच्या मंचावर गेल्या. मी कधी सभापतींना फोन केला नाही, त्यांनीही नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा एकदा मनात आलं की आता हे काय करत असतील. तेवढंच.

मग एका चतुर्थीनंतर त्यांच्या बायकोचा फोन आला. हृदय थांबून गेले, जेवता जेवता. त्यांच्या वहीत माझा नंबर होता. मी बाराव्याला गेले. का गेले ते माहीत नाही; त्या माणसाबद्दल माझं मत बदललेलं नव्हतं, आजही फारसं बदललेलं नाही. गावाला ज्याची गरज होती ते सगळं ज्ञान त्याने एका बेटावर उधळलं, आणि ते बेटही खरं नव्हतं.

बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीवर, बसल्यावर त्यांची बायको, म्हणजे वहिनी, आपणहून बोलू लागली. संसदेचं सगळं संपल्यावर तो काही दिवस नुसता बसून असे. मग एके दिवशी म्हणाला, बहिणीचा वाटा तिला परत लिहून द्यायचा. बहिणीने पंचवीस वर्षांपूर्वी बापाच्या सांगण्यावरून सही केली होती, आणि तेव्हा शेजारी उभा राहून त्यानेच तिला सहीची जागा बोटाने दाखवली होती. आमच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर देता येत नाही. ‘हांवें स म्हयने सही करूंक ना,’ वहिनी सहा बोटं दाखवत म्हणाली. ‘स म्हयने! भांडलें, म्हायेराक गेलें. तो रोज एकूच गजाल: कागद वाच, मागीर सही कर. वाचल्याबगर सही करूं नाका. शेवटाक वाचलो. वाचल्यार मागीर काय करतलें?’ ती पदराने डोळे पुसत हसली. डिचोलीला रजिस्ट्रारसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, पण त्याने कोणालाही मध्ये बोलू दिलं नाही. स्वतःच सांगितलं. अडखळत, थांबत, पुरं सांगितलं.

आतल्या खोलीच्या दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. खोली नुकतीच चुन्याने रंगवलेली, आत एक खाट आणि खुंटीला दोन लुगडी. ती बहीण. खोली तिची. तिने मला नीट न्याहाळलं.

‘तूं तेची कोण गो?’

काय सांगणार? नातं नव्हतं, मैत्री नव्हती, आणि ज्या देशात आमची ओळख होती तो देश नव्हता.

‘मी त्यांच्या विरोधात होते,’ मी म्हटलं.

‘हांवय तशीच,’ ती म्हणाली, आणि तिने मला बसायला कदेल पुढे ओढून दिली.